यॉटच्या धक्क्यावरचा पिंजरा

पिंजरा गेला होता. त्यातल्या शेवंडी गेल्या होत्या, आणि त्यांच्यामागोमाग उपाहारगृहवाल्या मावशीचा धीरही.

"मॅडम, एकेक निवडून ठेवलेली जिवंत शेवंड हो, यॉटवाल्यांचं लॉब्स्टर! आज उद्घाटन, दुपारी यॉटवाले पाहुणे जेवायला येणार. ताटात काही पडलं नाही, तर बंदराची समिती हा गाळा हॉटेलवाल्याला देऊन मोकळी होईल."

मॅडम खासगी गुप्तहेर होत्या. सोबतचे मास्तर त्यांचे यजमान; शाळेतून निवृत्त झाल्यापासून बायकोचे बिनपगारी मदतनीस. आज जेवणाचं आमंत्रण त्यांनाही होतं, त्यामुळे हे प्रकरण त्यांना फारच जिव्हाळ्याचं वाटत होतं.

जुन्या मासळी-धक्क्याचं रूप पार पालटलं होतं. नव्या फळ्या, पांढरे दिवे, ओळीने उभ्या आलिशान यॉट आणि टोकाला मावशीचं कोरं उपाहारगृह. पिंजरा त्याच्या मागच्या दारापाशी पाण्यात सोडलेला असायचा.

मॅडम वाकून बघू लागल्या. दोरी कापलेली नव्हती. गाठ सोडून तिची नीट गुंडाळी करून ठेवली होती.

"दारातली गोणपाटंही गेलीत. ओली करून ठेवली होती," मावशी म्हणाली.

"हावरट चोर! गोणपाटसुद्धा सोडलं नाही," मास्तर हळहळले. "अगं, ते बघ, खेकडे! उद्घाटनाला आलेत वाटतं."

धक्क्याच्या भिंतीवर, पाण्याच्या बरंच वर, खेकड्यांची दाटी झाली होती. मॅडमनी पाण्यात बोट बुडवलं. बोटावर निळसर तवंग आला.

"फाटकातून कोणी गेलं?"

"रखवालदार जागाच होता. चिटपाखरू गेलं नाही. मला विचाराल तर हे काम माझ्या जावेचं! आधी खानावळ दोघींची होती. पाटीवर कोणाचं नाव आधी, यावरून मोडली, आणि तेव्हापासून अबोला आहे. काल संध्याकाळी मी पिंजरा सोडत होते, तर ही होडीत बसून मांजराला सांगते, 'आज या पाण्यात काही ठेवू नये गं बाई!' मला ऐकू जाईल असं. टोमणा हो, दुसरं काय!"

हॉटेलचा व्यवस्थापक चकाकत्या बुटांत उभा होता. "गाळा मला हवाच आहे, लपवू कशाला? पण होडीत पाय ठेवला की मला मळमळायला लागतं. यॉटवाल्यांना सांगू नका, प्लीज."

शेजारच्या यॉटचा कप्तान खुशीत होता. "शेवंडी? मी रात्री इथे नव्हतोच. काल तिन्हीसांजेला पाणबुडे उतरवून यॉटचं बूड खरवडून घेतलं नि जेवायला गावात गेलो. आता कशी आरशासारखी दिसते बघा!"

जाऊबाई आपल्या होडीत जाळं नीट करत बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"मला काय विचारता? तिला म्हणावं, पाण्याची भांडी चुलीवर चढव."

"जखमेवर मीठ चोळतेय बाई," मास्तर पुटपुटले. मॅडम मात्र गालात हसल्या आणि त्यांनी सगळ्यांना धक्क्यावर बोलावलं.

"पिंजरा फाटकातून गेला नाही, म्हणजे पाण्यातून गेला. व्यवस्थापकांना होडी सोसत नाही, कप्तान गावात होते. चोर दोरी कापतो, गुंडाळून ठेवत नाही. आणि चोरलेल्या मालाला ओलं गोणपाट कोण पांघरवतं? ज्याला तो जिवंत हवाय तो."

"पण हलवलाच कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"अहो, खेकडे उद्घाटनाला नाही आले, पाण्यातून पळून आले! यॉटच्या बुडाला शिंपले धरू नयेत म्हणून विषारी रंग देतात. कप्तानांनी तो इथेच खरवडला. पाणबुडे तयारी करताना काल कोणाला दिसले? पाणी नासणार हे आधीच कोण बोललं?"

कप्तानाचा चेहरा उतरला. मावशी जावेकडे बघतच राहिली.

"चोरी करणारा आदल्या दिवशी दवंडी पिटत नाही, मावशी. तो टोमणा नव्हता, इशारा होता. अबोल्यात माणसाशी बोलता येत नाही, म्हणून मांजराशी बोलल्या. आणि भांडी चढवायला सांगितलं, कारण शेवंडी येणार आहेत."

"खाडीच्या तोंडाशी ठेवल्यात," जाऊबाई जाळ्याकडे बघत म्हणाल्या. "एक मेली नाही. सकाळीच आणणार होते. पण वाटलं, एकदा तरी येऊन विचारेल मला."

मास्तरांनासुद्धा क्षणभर जेवणाचा विसर पडला. मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ती रागावल्यासारखी भराभरा धक्क्याच्या पायऱ्या उतरली.

"सरक," ती जावेला म्हणाली. "मीपण येते. एवढ्या पाहुण्यांचं मला एकटीला नाही गं जमायचं."

"मग इतकी वर्षं काय करत होतीस?"

"तुझी वाट बघत होते. तू काय करत होतीस?"

"तेच की!"

होडी निघाली. वल्ही जाऊबाई मारत होत्या, पण बोलत दोघी एकदमच होत्या, आणि एकीचंही दुसरीला ऐकू येत नव्हतं.