मोहाच्या लाकडातला खिळा

इथे तमिळ मुलखात, अंबत्तूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी घरं तीनच. उन्हाळ्यात लाइट गेली की आम्ही गच्चीवर चटया टाकतो. त्या रात्रीही तसंच झालं. दोन हजार दहाचा मे महिना, पान हलत नव्हतं. महेश, माझा नवरा, कारखान्यात रात्रपाळीला. मी ऊर्मीला मांडीवर घेऊन पुठ्ठ्याने वारा घालत होते. ती तेव्हा दोन महिन्यांची. वरच्या मजल्यावरचा अनिकेत, कंप्युटरवाला, मोबाइलच्या उजेडात डास मारत होता. आणि दत्ताजीमामा भिंतीला टेकून तंबाखू मळत होते. मामा मालवणकडचे, पण रेल्वेत सगळी नोकरी इथेच झाली. आता मुलाकडे राहतात.

ऊर्मीची उशी सारखी करायला गेले तर खालून अडकित्ता खणकन पडला.

मामांचा हात थांबला. "हा कुठून आणलास?"

"सासूबाईंनी पाठवलाय. बाळाच्या उशाखाली लोखंड असावं म्हणून."

"घरचाच ना? मग ठीक. घरचं लोखंड ठेवावं. सापडलेलं ठेवू नये."

"का हो मामा," अनिकेत म्हणाला, "सापडलेलं लवकर गंजतं काय?"

मामा हसले नाहीत. म्हणाले, "रत्नाकरचं सांगू का?"

मी म्हटलं, नको मामा, लहान पोर आहे मांडीवर.

"सांगा हो," अनिकेत म्हणाला. "वहिनी नको नको म्हणतात आणि कान इकडेच असतो."

आता पुढचं मामांच्याच तोंडचं लिहिते. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते.

*

सुनामी होऊन दीड वर्ष झालं होतं. काशीमेडूच्या मासळी बंदरात फुटलेल्या होड्यांच्या जागी नव्या बांधायचं काम जोरात चाललेलं. आमच्या गावचा रत्नाकर तिथं कामाला आला. होड्या बांधणाऱ्या सुतारांचं घराणं. बरोबर बायको विद्युलता, आणि तिच्या पहिल्या बाळंतपणासाठी गावाहून आलेली त्याची आई. रॉयपुरमला माझ्या क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत त्यांनी खोली घेतली. विद्युलतेला तमिळ येऊन येऊन किती यायचं? 'वेणाम' आणि 'पोदुम'. नको आणि पुरे. भाजीवालीशी तेवढ्यावर भागतं.

लाकूड निवडावं ते रत्नाकरनं! ओंडक्याच्या एका टोकाला तासणीचा मागचा भाग आपटायचा आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. मग थोडा भुसा काढून जिभेवर ठेवायचा. ओल्या लाकडात चीक असतो, तो तुरट लागतो. सुकलेलं लाकूड काहीच लागत नाही. मला म्हणायचा, "मामानु, लाकूड पुरता मेल्याशिवाय ता दर्यात जगणा नाय."

आणि एक सवय त्याची. होडीचा कणा, म्हणजे तळातलं ते लांब लाकूड असतं ना, त्यात पहिला खिळा ठोकताना त्याच्या घराण्यात घरच्या बाईचं नाव मोठ्यानं घेत. बापानं आईचं घेतलं, ह्यानं लग्न झाल्यापासून बायकोचं. का घ्यायचं, विचारू नका. हात उचलला की तोंडात नाव.

मुलगा झाला. अमोघ. दुसऱ्याच दिवशी रत्नाकर कण्यासाठी लाकूड बघायला रेडहिल्सच्या रस्त्यावर एका सॉ मिलमध्ये गेला. तिथं मागच्या बाजूला, पत्र्याला लागून, एक मोहाचा ओंडका पडला होता. इकडे इलुप्पै म्हणतात. सरळ, जाड, एक गाठ नाही. ह्यानं तासणी आपटली, कान लावला. घंटेसारखा आवाज. भुसा चाखला. कोरा. इतकं चांगलं लाकूड कोणी नेलं कसं नाही, हे त्याच्या मनात आलंच नाही. चांगलं लाकूड दिसलं की सुताराची अक्कल हातात उतरते, डोक्यात राहत नाही.

ओंडका आऱ्यावर चढवणार, तर मुकादम सेल्वराज म्हणाला, "खिळा आहे सार त्यात. आऱ्याचं पातं तुटेल. आधी काढा."

"तुमची माणसं काढतील ना?"

"तुमचं लाकूड. तुमच्या हातानं काढा."

आणि मिलमधली सगळी माणसं चहाला निघून गेली. सगळी. आराही बंद.

खिळा हातभर आत असावा असा घट्ट. घडवलेला, चौकोनी, जुना. त्याच्याभोवती काळे तंतू गुंडाळलेले. रत्नाकरला वाटलं, मुळ्या असतील. पकडीनं ओढून काढला, तंतू झटकले, थोडे गंजात अडकून राहिले. खिळा पिशवीत टाकला. जुनं लोखंड चांगलं असतं, सुतार फेकत नाही.

माणसं चहाहून आली. कधी नव्हे ती पळापळ. ओंडका कापला, लाकूड त्यांनीच गाडीवर चढवलं, दोऱ्याही त्यांनीच बांधल्या. गाडी सुटली तेव्हा कोणीतरी मागे हसलं, असं रत्नाकर सांगायचा.

*

पाचवी आली ती मंगळवारी. पंचवीस जुलै, दिव्याची अवस. इकडची आडी अमावास्या. दिवसभर समुद्रावर पितरांना पिंड द्यायला ही गर्दी. संध्याकाळी त्याच्या आईनं पाट मांडला, सटवाईसाठी कोरा कागद ठेवला, दिवा लावला. उशाखाली लोखंड ठेवायला पिशवी उपसते, तर काय...

"अडकित्तो घराकच रवलो रे झिला!"

"मगे ह्यो ठेव," रत्नाकर म्हणाला. "जुना लोखंड असा."

आजीनं स्वतःच्या हातानं तो खिळा नातवाच्या उशाखाली सरकवला.

जेवण आटोपून मी पडलो होतो. दारावर थाप. आजी.

"दत्ताजीनु, जरा येवा. सून काय बोलता ता माका कळना नाय."

गेलो. रत्नाकर दारातच उभा, आत पाय टाकायला धजत नव्हता. विद्युलता केस मोकळे सोडून मांडी घालून बसली होती. पोर मांडीवर. गात होती. तमिळ अंगाईगीत. अगदी जुन्या वळणाचं, खेड्यातल्या म्हाताऱ्या गातात तसं.

मी तमिळमध्ये विचारलं, "कोण तू?"

गाणं थांबलं. वर बघितलं नाही. म्हणाली, "हे पोर कोणाचं?"

"तुझंच की."

हसली. "माझं एवढं मोठं नाही झालं. माझं निळं जन्माला आलं."

आणि मग... दोन बोटांनी तिनं पोराचं नाक धरलं. हळूच. खेळल्यासारखं. पोरानं तोंड उघडलं. तिनं तळहातानं तेही झाकलं. पोराचे पाय ताणले. चेहरा लाल झाला... काळवंडला...

सोडलं.

पोर रडलं. ती कौतुकानं बघत होती. पुन्हा धरलं.

आजी पुढे धावली. ही नुसती म्हणाली, "जवळ आलीस तर सोडणार नाही." आजीला शब्द कळले नाहीत. पाय थांबले.

सोडलं. रडलं. पुन्हा धरलं.

"काय हवं तुला?" मी म्हटलं.

"दिवा विझेपर्यंत खेळू दे. मग नेते."

पाटावरच्या दिव्यात तेल होतं. फार नव्हतं.

(इथे मामा थांबले. अनिकेतचा मोबाइल विझला होता, त्यानं परत लावला नाही. मी ऊर्मीच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास लागत होता.)

आजीला दिव्यात तेल घालत बसवलं. घरात परकं काय आलं असेल, तर तो खिळाच; रत्नाकरनं तो उशाखालून ओढून घेतला. तिनं अडवलं नाही. खिळ्याकडे बघून थुंकली फक्त. स्कूटरवर आम्ही दोघं मिलला. सेल्वराज तिथंच झोपायचा. खिळा बघून उठूनसुद्धा बसला नाही.

म्हणाला, "देवळामागचं झाड होतं. बाळंतपणात मेलेली बाई. गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला धरायची. मांत्रिकानं, जिला धरलं होतं त्या बाळंतिणीची बट खिळ्याला गुंडाळली आणि त्या मेलेल्या बाईला झाडात ठोकली. मग रस्ता रुंद झाला, झाड पडलं. खिळ्याला हात कोण लावणार? त्या गावात कोणी नाही. इथंही कोणी नाही."

"मला सांगितलं का नाहीस?" रत्नाकर ओरडला.

"सांगितलं असतं तर घेतलं असतं?"

रत्नाकर त्याच्या पाया पडला. पाया पडला हो. मग सेल्वराजनं उपाय सांगितला. जिला धरलंय तिची बट कापा. तोच खिळा, तेच लाकूड. दिवा आहे तोवर ठोका.

"आणि तोंड बंद ठेवा. त्या बाईचं नाव कोणाला माहीत नाही, म्हणून गप्प ठोकायचं. आपोआप तीच जाईल. पण नाव घेतलंत, तर ज्याचं घ्याल ते बांधलं जाईल."

परत आलो. ती पोराशी खेळत होती. रडण्याचा आवाज बारीक झाला होता. आजीनं मागून जाऊन बट कापली. तिला कळलं. वळली नाही. म्हणाली, "जा. ठोका. घाई करा." आणि पोराचं नाक धरलं.

बाटलीत तेलाचा एक घोट.

काशीमेडूचं यार्ड. अंधार. कोणी नाही. ठोकळ्यांवर त्याच मोहाचा कणा मांडून ठेवलेला. नवा. त्यात अजून एकही खिळा नाही. मी बॅटरी धरली. रत्नाकरनं बट गुंडाळली. खिळा टेकवला. हातोडा उचलला.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. ओठ मिटलेले. घट्ट.

हात खाली आला.

"विद्युलता!"

...

माझ्या हातून बॅटरी पडली.

त्याला कळलंच नाही. तीन घाव घातले. खिळा आत गेला. माझ्याकडे वळला, घामानं निथळत, म्हणाला, "झाला मामानु. गप रवलंय मी."

गप राहिलो म्हणाला.

*

घरी गेलो तर शांत. दिवा जळत होता. पोर अंगावर पीत होतं, चुटुचुटु. आजी देवाला हात जोडून रडत होती. ती बाई पदर सारखा करून पोराला थोपटत होती. रत्नाकर तिच्यापुढे बसला. "विद्या... बरा वाटता?"

तिनं मान वर केली. आणि तमिळमध्ये म्हणाली, "हळू बोला. पोर झोपतंय."

त्यानंतर ती मराठी कधी बोलली नाही. एक शब्द नाही. पोराला मात्र असं सांभाळते... गल्लीतल्या बायका म्हणतात, आई असावी तर अशी. आजी आठवड्यात गावाला गेली. ती परत आली नाही.

होडी पाण्यात गेली. दोन महिन्यांनी तिचा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, रत्नाकरला बंदरावर भेटला. थट्टेत म्हणाला, "सार, तुमची होडी रात्री रडते. तळातून. बाईचा आवाज. आमची भाषा नाही, पण रोज तेच तेच. माझ्या माणसांना पाठ झालंय." आणि त्यानं नक्कल करून दाखवली. बाकीचे मच्छीमार खो खो हसले.

"माजा बाळ... माका परत देवा... माजा बाळ..."

रत्नाकर पकड घेऊनच होडीत उतरला. मी मागे होतो. तळातलं पाणी उपसलं. खिळा दिसला. पकड लावली. तेवढ्यात धक्क्यावरून आवाज आला. ती उभी होती, पोर कडेवर. कोणी सांगितलं तिला, माहीत नाही.

म्हणाली, "काढा. मला जावं लागेल. पण रिकाम्या हातानं आले होते, रिकाम्या हातानं जाणार नाही."

पोर तिच्या गळ्याला मिठी मारून हसत होतं.

रत्नाकर बघत राहिला. पोराकडे. खिळ्याकडे. खालून... अगदी खालून... त्याच्या पायाखालच्या लाकडातून कोणीतरी त्याला नावानं हाक मारली. मीही ऐकली.

त्यानं पकड समुद्रात टाकली.

*

मामांनी तंबाखू झटकली. तोंडात घातली नाही.

"आणि मुलगा?" मी विचारलं.

"चौथं सरत आलंय. गोड पोर. रत्नाकर त्याच घरात राहतो. ती वाढते, तो जेवतो. दुसरं करणार काय?"

अनिकेत उगाच मोठ्यानं म्हणाला, "मामा, होडीचं लाकूड पाण्यात कुरकुरतंच. आणि मच्छीमारांना गमतीच सुचतात."

"असेल." मामा उठले. मग उभ्याउभ्याच सांगितलं. मागच्या महिन्यात मासेमारीच्या बंदीच्या काळात ती होडी डागडुजीला किनाऱ्यावर ओढली होती. रत्नाकरनं मामांना बरोबर नेलं होतं. कणा पार कोरडा, उन्हात पांढरा पडलेला. फक्त खिळ्याच्या भोवती ओल होती. बघता बघता तिथं एक पांढरा थेंब जमला आणि ओघळला. पुसला. पुन्हा जमला.

"लाकडाला चीक असतो," अनिकेत म्हणाला. "तुम्हीच म्हणालात."

"ओल्या लाकडाला असतो. हे रत्नाकरनं निवडलेलं. तरी त्यानं बोट लावलं, जिभेवर ठेवलं. त्याची रीतच ती."

"मग? तुरट?"

मामा जिन्याच्या दारापर्यंत गेले. तिथं अंधारात थांबले.

"त्यानं आणखी एक थेंब चाखला. मग म्हणाला, गोड असा मामानु. आणि ऊन ऊन."