समोर बघून बोला

"हनुवटी जरा खाली... थोडं डावीकडे... आणि श्वास घ्या हो, फोटो काढतोय, दात नाही!"

मला हसू फुटलं. "माफ करा. नोकरीच्या अर्जासाठी हवाय. कसा आला तरी चालेल."

कॅमेऱ्यामागचा फोटोग्राफर एकदम थांबला. मान वर काढून माझ्याकडे बघतच राहिला.

"परत बोला ना जरा."

"काय बोलू?"

"म्हणा... 'थांबा हं, जोडून देते.'"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. सात वर्षं मी हेच म्हणत आले होते. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, जिन्यामागच्या बिनखिडकीच्या खोलीत, कानाला फोन लावून. दोन महिन्यांपूर्वी तिथे 'एक दाबा, दोन दाबा' सांगणारं यंत्र बसलं आणि माझ्या खोलीला कुलूप लागलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"दोन वर्षांपूर्वी आई तिथे एकवीस दिवस होती. मी दुपारी दुकानातून फोन करायचो. तुम्ही वॉर्डात विचारून सांगायचात, आईंनी आज अर्धा कप दूध घेतलं. आणि मग विचारायचात... तुम्ही जेवलात का?" त्याने खाली बघितलं. "तेव्हा मला दुसरं कुणी विचारत नव्हतं."

मला काहीच आठवेना. असं मी कितीजणांना विचारलं असेल!

"आई कशा आहेत आता?"

"ठणठणीत. मला रोज ओरडते."

बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. त्या दिवशी माझा फोटो हसराच आला.

फोटो न्यायला गेले तेव्हा, कशी कोण जाणे, मी सगळं सांगून बसले. डोळ्यांच्या एका दवाखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, स्वागतकक्षासाठी. त्याआधीच्या दोन मुलाखतींत मी पार गारठले होते. फोनवर पोपटासारखी बोलणारी मी, समोर माणूस आला की दातखीळ! दोन्ही वेळा टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत उत्तरं दिली होती.

"मग इथे सराव करा," तो म्हणाला. "चार ते पाच गिऱ्हाईक नसतं. भिंगाकडे बघून बोला. ते काही भुवया उंचावत नाही."

आणि मी जायला लागले. निळा पडदा, मधोमध उंच स्टूल, आरशाला दोऱ्याने बांधलेला कंगवा. दिव्याच्या मऊ उजेडात बाहेरचा रस्ता दूरदूर जायचा. भिंगामागून त्याचा आवाज यायचा –

"आधीची नोकरी का सोडलीत?"

"मी नाही सोडली. तिनेच मला सोडलं."

"अगदी असंच सांगा!"

घरी वहिनीने मला दारातच गाठलं. "रोज फोटो? अर्ज भरतेयस की अल्बम?"

"सराव आहे गं वहिनी."

"कसला ते दिसतंय," म्हणत तिने माझी ओढणी सारखी केली. त्या शनिवारी तिचे चांगले बूट माझ्यासाठी पॉलिश करून ठेवले.

दुसऱ्या आठवड्यात त्याने कॅमेरा बाजूला सरकवला आणि स्वतःच समोर बसला. गहूवर्णी चेहरा, थोडे थकलेले डोळे... भिंगापेक्षा कितीतरी अवघड.

"तुमची सगळ्यात मोठी कमजोरी?"

"सध्या तरी... समोर बसलीय."

तो कानापर्यंत लाल झाला. "हे... हे तिथे नका सांगू."

पण सगळे दिवस असे गोड नव्हते. मुलाखतीच्या दोन दिवस आधी एका साध्या प्रश्नाला माझी वाचाच बसली. मी स्टुलावरून उठले, "मला नाही जमत! तळघरच बरं होतं!" म्हणून रडले. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मी पुन्हा बसेपर्यंत उभाच राहिला.

मुलाखत घ्यायला तिघेजण होते. मधल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "रांगेत वीस माणसं आहेत, फोन वाजतोय, आणि एक आजोबा घाबरून रडतायत. आधी कोण?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "आजोबा. फोनवरच्या माणसाला आपण आहोत एवढं कळलं तरी तो धीर धरतो. पण घाबरलेल्या माणसाचा हात धरावा लागतो. रांगेतले वीसजण ते बघतील, आणि तेही शांत होतील."

डॉक्टरबाईंनी कागद मिटला. "सोमवारपासून याल?"

मी तडक स्टुडिओत. बातमी ऐकून तो लहान मुलासारखा हसला आणि मग उगाच दिव्याची वायर गुंडाळत बसला.

"म्हणजे आता चार ते पाच... मोकळा मी."

"हो."

"छान. एक विचारू? ...जाऊ दे."

कुणीतरी बोलायला हवं होतं. मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले.

"मला ते एकवीस दिवस आठवत नाहीत. खूप प्रयत्न केला. तुम्ही दोन वर्षं जिची आठवण काढलीत ती कोण, मला माहीतच नाही. तुम्हाला नुसता तो आवाजच आवडत असेल, तर आत्ताच सांगा. पण ही जी रोज इथे येऊन घाबरते ना... हिला तू आवडतोस."

'तू' कधी निसटलं, कळलंच नाही.

वायर त्याच्या हातातून सुटली.

"आवाज आवडायचाच," तो हळूच म्हणाला. "पण परवा तू रडलीस ना, तेव्हा तो पार फाटका निघाला. नाकातून. अगदी वाईट."

"बरं!"

"आणि मला वाटलं, हा फाटका आवाजही रोज ऐकायला मिळाला तर..." तो थांबला. "मिळेल?"

मी मान हलवली. मग 'हो' म्हटलं, तेही नाकातून, अगदी फाटकं.

दार किलकिलं झालं. छत्री झटकत एक वयस्कर गृहस्थ आत डोकावले. "फोटो निघेल का हो, लगेच?"

"उद्या या काका," तो म्हणाला, माझ्यावरची नजर न हलवता. "आज हात थरथरतायत."

खरंच थरथरत होते. मी ते हातात घेतले... आणि बघते तर, माझेही.