शिवणीतली माया

चिमीची आई कपडे शिवायची आणि आईची धाकटी बहीण तिच्या हाताखाली काज-बटणं करायची. आई अचानक गेली आणि शिवणकामाचं दुकान आणि चिमी दोन्ही या मावशीच्या गळ्यात पडलं. मावशीची त्याबद्दल तक्रार नव्हती. पोरीवर तिचा भारी जीव.

शाळेतल्या बाईंनी मावशीला बजावलं होतं, "आडून आडून सांगू नका. आई वारली, परत येणार नाही, असं सरळ सांगा." पण चिमी समोर उभी राहिली आणि मावशीची जीभच रेटेना. तिने पोरीच्या फ्रॉकची शिवण उलटी करून दाखवली. अंग वाढलं की उसवून सैल करता यावं म्हणून शिवणीत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. ताई ती सढळ हाताने सोडायची.

"आई कुठे जातेय? ही बघ तिची माया. तुझ्या अंगालाच आहे."

चिमी कितीतरी दिवसांनी हसली. मावशीला वाटलं, बाईंपेक्षा आपणच शहाण्या.

वर्ष सरत आलं तरी एकही फ्रॉक आखूड होईना. मावशीने एक उलटा करून पाहिला. शिवण चांगली बोटभर आत सरकली होती. टाके बारीक, शेवटी ताईची ती दुहेरी गाठ. ताईनेच पूर्वी कधीतरी आत घेतला असेल, तिने मनाची समजूत घातली. पण मग तो चिमीला अजून बसतो कसा?

दाराच्या चौकटीवर ताईने लेकीच्या उंचीची रेघ मारून ठेवली होती. मावशीने चिमीला तिथे उभं केलं. रेघ डोक्याच्या वर राहिली.

"पाठ ताठ कर गं."

"ताठच आहे."

मावशीला मेलेल्या बहिणीचा सणसणीत राग आला. "ताई, पोरगी आता माझी आहे," ती मोठ्याने म्हणाली. भर दुपारी खिडकीशी बसून तिने ब्लेडने फ्रॉकची शिवण उसवायला घेतली.

आतल्या खोलीत चिमी किंचाळली.

मावशी धावली. पोर कूस दाबून बसली होती. बोटांमधून रक्त येत होतं.

मावशीने तिचा हात बाजूला केला.

काखेपासून कमरेपर्यंत बारीक, एकसारखे टाके. वरचे दोन-तीन नुकतेच तुटलेले. खाली दुहेरी गाठ.

"उसवू नकोस ना," चिमी म्हणाली. "आई रोज थोडं थोडं आत घेते."

"कशाला गं?"

"तिच्याकडे जागा कमी आहे. अजून थोडी लहान झाले की मावेन."