पळसाच्या पानांचा पाय

"हात नको लावू वं त्याले!" सुभद्राबाई कडाडल्या आणि पळसाच्या पानांकडे गेलेला सुनेचा, मिनलचा हात जागच्या जागी थबकला... "जित्या माणसाले तूच धाडलं ना त्या मुलखात? आता या पानांच्या अंकितले तरी सोड!"

कोराडीच्या त्या क्वार्टरच्या अंगणात सारी कॉलनी जमली होती. परदेशातल्या गोदामात मदतनिसाचं काम म्हणून गेलेल्या अंकितच्या हाती तिथल्या लोकांनी बंदूक दिली होती, आणि ज्यांच्याशी त्याचं काडीचंही वैर नव्हतं अशा माणसांवर ती रोखायला लावली होती. मग एके दिवशी त्याच्या सोबत्याचा फोन आला... अंकित होता त्या इमारतीवर बॉम्ब पडला, हाती काहीच लागलं नाही! सरकारी उंबरठे झिजवून झाले, देह काही आला नाही. शेवटी वामनराव गुरुजींनी विधी सांगितला. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला गेलेल्याचेच कपडे घालायचे आणि त्यालाच अग्नी द्यायचा. सासरे चंपतराव सकाळी पारशिवनीकडून पानं घेऊन आले होते आणि तेव्हापासून भिंतीला टेकून बसले होते.

मिनलनं हात मागे घेतला. इतके महिने ऐकून घेण्याशिवाय तिनं दुसरं केलं तरी काय होतं? बायकोला वेगळा फ्लॅट हवा होता म्हणून पोरगा गेला, असं सासूबाई आल्यागेल्याला सांगत, आणि ही खाली मान घालून चहा पुढे करी. तिला मात्र ती संध्याकाळ लख्ख आठवत होती. तिकडे पोचल्यावर लगेचच अंकितचा फोन आला होता, स्वयंपाकघरात, स्पीकरवर... "आई, इथं काही खरं दिसत नाही. अजून करारावर सही केली नाही मी. वापस येऊ का?" आणि सुभद्राबाई पोळी लाटता लाटता हसल्या होत्या, "हॅट्! साऱ्या कॉलनीले पेढे वाटले ना गा मी! लोक काय म्हणतीन? एक साल तं काढ!" त्या माउलीला ते आता आठवतही नव्हतं. आणि आठवलं असतं तर... तर त्या अभागी आईला एक दिवस तरी जगता आलं असतं का?

गुरुजींनी नारळाचं मस्तक ठेवलं. पानांच्या जुड्या बांधून हात झाले, उजवा पाय झाला. सुभद्राबाईंनी इस्त्रीची पॅन्ट उलगडली, आणि कितीही आवरलं तरी मिनलच्या तोंडून निसटलंच.

"गुरुजी... डावा पाय नका करू. गुडघ्याखाली नव्हता त्यांले..."

गुरुजींचा हात पानांवरच थांबला.

"काय बोलून राहिली वं तू?" सुभद्राबाईंचा आवाज चिरकला.

"सुरुंगावर पडला होता पाय, आई. ती इमारत म्हणजे दवाखानाच होता. एका नर्सनं फोन धरला होता त्यांच्यापुढे... बॉम्बात ती बी गेली, पेशंट बी गेले. 'आईले सांगू नको' म्हणून शपथ घातली होती मले!" पुढचे शब्द हुंदक्यात बुडाले.

सुभद्राबाईंनी हातातली पॅन्ट बाजूला ठेवली. जिला आपण ऊठसूट टोचून बोललो, ती पोर एवढं दुःख काळजात दडवून आपल्यासाठी चहा करत होती! त्या तिच्याजवळ खाली बसल्या. उरलेली पानं त्यांनी पुढ्यात ओढली.

"दोन पायांचा जन्म दिला होता त्याले मी! माहं लेकरू दोन पायांनीच जाईन... ये वं पोरी, धागा धर."

सासूसुना पाय बांधू लागल्या. गाठीशी येताच सुभद्राबाईंनी हळूच विचारलं, "त्याचा कोणावर राग तं नव्हता ना वं?"

मिनलच्या कानात दवाखान्यातल्या अंकितचा तो खोल गेलेला आवाज घुमला... 'आईनं तेव्हा नुसतं ये म्हटलं असतं ना, मिनल...'

तिनं गाठ घट्ट ओढली.

"नाही आई, कोणावरच नव्हता. तुमच्या हातच्या पोळीची याद येऊन राहिली, म्हणत होते."

सुभद्राबाई तिच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडल्या, आणि चंपतराव अग्नी घ्यायला उठले.