चुकीची टाळी

"हा तीन नंबरचा कॅमेरावाला आहे तरी कोण?" मी स्क्रीनवरच खेकसले.

"मी..." दारातून आवाज आला. "केबल विसरली होती. न्यायला आलोय."

आयताच सापडला! दोन दिवस ज्याच्या नावाने बोटं मोडत होते, तो भिजल्या मांजरासारखा दारात उभा.

"केबल नंतर. आधी हे बघा."

स्क्रीनवर माझी आत्या गात होती. सोमवारी तिच्या घशाचं ऑपरेशन. आवाज परत येईल का, यावर डॉक्टर गप्प. त्याआधी तिला तीन कॅमेऱ्यांनी टिपलेला हा कार्यक्रम बघायचा होता, तो जोडायचं काम माझ्याकडे, आणि आज शनिवार. एक नंबरचं चित्र लख्ख फोर-के, दोन नंबरचं जुनं, धुरकट. आणि या महाशयांचं मोबाइलवर, तेही उभं! सेकंदाला पंचवीस फ्रेम ठरल्या होत्या, यांनी तीस घेतलेल्या.

"माझा कॅमेरा ऐन वेळी बंद पडला. आणि मोबाइल आडवा ठेवला की पुढच्या काकांचं टक्कल येत होतं."

हसू आलं, म्हणून जास्तच राग आला.

"टक्कल परवडलं असतं! ओठ एकीकडे, सूर दुसरीकडे. फ्रेम बदलून पाहिल्या, फाइल बदलून पाहिली... सुरुवातीची खुणेची टाळी तुम्ही वाजवायची होती. वाजवलीत?"

"वाजवली ना!"

"तीच धरून तिन्ही कॅमेरे जुळवलेत मी. ऐका."

त्याने हेडफोन लावला. कान लाल झाले.

"ही... ती नाही. ती वाजवली, आणि मग रेकॉर्डचं बटण दाबलं."

"आधी टाळी, मग बटण?" माझा आवाज चिरकला. "मग ही कुठली?"

"आत्यांनी पहिला वरचा सूर लावला ना... तेव्हा वाजली. आपोआप."

आठवलं! निःशब्द सभागृहात ती एकच टाळी. दुसऱ्या रांगेत बसून मी पुटपुटलेही होते, कोण हा अडाणी? म्हणजे ती बाकीच्या दोन्ही कॅमेऱ्यांतही असणार. शोधली. पुसटशी होती. जुळवली... आणि आत्याच्या ओठांवर सूर अलगद येऊन बसला.

टाळीसरशी आत्याने डोळे उघडले आणि ती हसली. इतर दोन कॅमेऱ्यांना ते दिसलंच नव्हतं. या उभ्या चौकटीत मात्र नुसता तिचा चेहरा होता. महिनाभर घरात कुणी तिला हसताना पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

"म्हणजे माफ?" त्याने हळूच विचारलं.

"मुळीच नाही! माझे दोन दिवस गेले."

"चुकीची टाळी धरली कोणी? एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात—"

"म्हणी ऐकवू नकोस मला!"

"नकोस?" तो हसला. मी केबल त्याच्या अंगावर फेकली.

रविवारी सकाळी आत्याने सगळं पाहिलं, तो हसरा क्षण चारदा. बोलायला बंदी होती. तिने कागदावर लिहिलं, 'हा टाळीवाला कोण? घेऊन ये.'

दुपारी तो दारात हजर.

"आत्यांनी बोलावलं... फक्त आत्यांनीच?"

"मला राग आलाय."

"आता कसला?"

"दोन दिवस तुला शिव्या घातल्या, आणि काल संध्याकाळपासून... आवडतोयस. त्याचा!"

त्याने तळवा पुढे केला. "दे टाळी."

"थांब," मी दरडावलं. "आधी बटण दाबलंयस ना?"