अमावास्येची ड्रॉइंगं

तारिहाळच्या कारखान्यात संगणकावर सुट्या भागांचे आराखडे काढणाऱ्या गौतमीची ड्रॉइंगं पुन्हा गायब झाली आणि रायापूरहून संगणकवाल्या धम्मपालला बोलावणं गेलं. शोधून तीन तास झाले, सर्व्हर मुक्यासारखा बसून. पुसल्याची खूण नाही, चोराचं पाऊल नाही. धम्मपालचं डोकं उठलं.

गौतमीच ड्रॉइंगं बाहेर विकते, असं कारखान्यातले संगणक सांभाळणाऱ्या वेंकटेशनं मालक गुरुप्रसादांच्या कानावर घातलं होतं. पाच वाजता तिच्या हातात कामावरून काढल्याचं पत्र पडणार होतं.

"सकाळी काय दिसलं, अक्का?" धम्मपालनं विचारलं.

"फोल्डर रिकामा. वेंकटेश अण्णांना सांगितलं, अन् त्यातच काम सेव्ह करत गेले. अकराला जुनं सगळं आलं, माझं सकाळचं तेवढं गेलं."

"मागच्या खेपेला?"

"तेव्हाबी अमावास्याच की. सायेब सर्व्हर बंद ठेवून पूजा करतात. आरती झाली की चालू."

अकराला तुम्ही काय केलंत, हे त्यानं वेंकटेशला विचारलं.

"कायबी नाही. सर्व्हर चालू झाला की ते त्याचा फोल्डर आपोआप जोडतंय. मीच बसवलंय तसं."

धम्मपालनं गौतमीच्या मशीनच्या नोंदी चाळल्या. मग मालकांना बोलावलं.

"सायेब, चोरी झालीच नाही. सर्व्हरचा फोल्डर इथल्या रिकाम्या फोल्डरवर येऊन बसतो, परातीवर परात झाकावी तसा. अमावास्येला अक्काचं मशीन आधी सुरू होतं, सर्व्हर मागनं. वरची परात आलेलीच नसते, अक्का खालच्या परातीत काम ठेवते. नंतर वरची येते, खालचं झाकून जातं. पण ती आपोआप येत नाही. आपोआप जोडणी इथं कधी बसवलेलीच नाही. हे बघा. दर अमावास्येला अकराच्या सुमारास जोडणीची आज्ञा, वेंकटेशच्या नावानं."

बसवलंय म्हणून सायबांना सांगून बसलो होतो, मग ते खोटं झाकायला तिचं नाव पुढं केलं, एवढंच वेंकटेश पुटपुटला.

धम्मपालनं जोडणी सोडवली. खालून चौदा ड्रॉइंगं वर आली, वाळवण उघडावं तशी. मग त्यानं आपोआप जोडणारा खरा ऑटोमाउंट बसवला: फोल्डर उघडला की तो सर्व्हर शोधेल, आणि सर्व्हर बंद असेल तर सेव्हच करू देणार नाही.

गुरुप्रसाद पत्राची घडी खिशात सारू लागले. गौतमीनं हात पुढं केला.

"ते इकडं द्या, सायेब. आणि अण्णा, यांच्या कानात सांगितलंत ते आता खाली सगळ्या कामगारांपुढं सांगा. खरं काय, तेबी तुम्हीच सांगा."