ड्रमेरी आडनावाचा नकाशा

प्रल्हाद मुरुडकरला आडनावांचं काम मिळालं तेव्हा त्याला मनापासून हसू आलं होतं. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, टेक्सासात एमएस केलं, बारा वर्षं विमा कंपन्यांचा डेटा उपसला, आणि आता ॲरिझोनातल्या चँडलरच्या एका कंपनीत बसून करायचं काय, तर गोऱ्या लोकांना त्यांचे खापरपणजोबा शोधून द्यायचे! कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक आडनावाचं एक पान असायचं. वर त्या आडनावाचा उगम, खाली अमेरिकेचा नकाशा. दशक बदललं की त्या आडनावाची माणसं जिथे राहत होती तिथे निळे ठिपके उमटायचे. हा नकाशा प्रल्हादच्या हातचा. त्याने मॅनेजरला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "आमच्याकडे या सगळ्याची गरजच नाही. मुरुडचे ते मुरुडकर. संपला विषय."

ऑक्टोबरात त्याच्याकडे स्कॉटिश आडनावांचा गठ्ठा आला. बहुतेकांचं गणित सरळ होतं. एखादं गाव, एखादा डोंगर, नाहीतर बापाचा धंदा, यातून आडनाव निघालेलं. मग जहाज, मग पेनसिल्व्हेनिया, मग ठिपक्यांचा सडा. तो दिवसाला सहा-सात पानं उरकत होता. बुधवारी ड्रमेरी हे आडनाव आलं आणि गाडी अडली.

उगमाच्या रकान्यात काहीच नव्हतं. स्कॉटलंडातल्या एका चर्चच्या जुन्या वहीत एकच नोंद होती, मुलीची, आईबापांची जागा कोरी. नकाशाही विचित्रच. प्रत्येक दशकात एकच ठिपका, आणि ठिपक्यावर माउस टेकवला की आकडाही एकच. पेनसिल्व्हेनिया, मग ओहायो, आयोवा, कॅन्सस, शेवटी न्यू मेक्सिको. दोन ड्रमेरी एका वेळी कुठेच नाहीत. ड्रमेरींच्या घरी जन्म नाही, लग्न नाही. कोणत्या जहाजाच्या यादीतही हे नाव नाही.

"घाण डेटा," प्रल्हाद म्हणाला.

शेजारच्या खुर्चीतली राधिका वाकून बघू लागली. नागपूरची पोरगी, बोलायला एकदम फटकळ. "अरे यार, हे आडनाव आहे की साथ? इथून तिथे, तिथून पुढे."

प्रल्हाद हसला. त्याला वेगळीच काळजी होती. न्यू मेक्सिकोनंतरच्या दशकांत ठिपका उमटतच नव्हता, आणि माणूस नाही म्हणून उमटत नाही की कोड बिघडलाय, ते कळत नव्हतं. अशा वेळी जे सगळे करतात तेच त्याने केलं, एक खोटी नोंद घातली. आयटीतल्या माणसाला खोटं नाव हवं असलं की आधी पोराबाळांचीच नावं सुचतात. निम्म्या कंपनीची मुलं टेस्ट डेटात पडलेली असतात. त्याने टाइप केलं, आन्या ड्रमेरी, वय सात, चँडलर, ॲरिझोना.

ठिपका लगेच उमटला. कोड ठीक होता. प्रल्हादने नोंद पुसली आणि जेवायला गेला. परत येऊन पाहतो तर ठिपका तिथेच. असेल काहीतरी जुनं साठलेलं, उद्या जाईल, असं म्हणून त्याने पान बंद केलं.

आन्या त्याची मुलगी. एकुलती एक, दुसरीत शिकणारी, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर मात्र इंग्रजीत देणारी. शुक्रवारी तिच्या दप्तरातून शाळेचं पाकीट निघालं. त्यावर छापलेलं होतं, आन्या ड्रमेरी.

प्रल्हादने ते नाव दोनदा वाचलं. पण तो डेटातला माणूस. त्याने ताबडतोब कारण शोधलं. कंपनीचा टेस्ट डेटा कुठेतरी बाहेर गळला असणार. त्याने शाळेत फोन केला. ऑफिसमधल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या की ॲडमिशनपासून हेच नाव आहे, दुसरं कुठलं हवं होतं का?

रविवारी तो तिला मराठी मंडळाच्या शाळेत घेऊन गेला. तिथे कॉम्प्युटरचा संबंधच नव्हता. प्रतिमाकाकू निळ्या शाईने वहीत हजेरी मांडायच्या, स्वतःच्या वळणदार अक्षरात. प्रल्हादने ती वही जवळजवळ हिसकावूनच घेतली. सातव्या ओळीवर देवनागरीत लिहिलेलं होतं: ड्रमेरी आन्या. मागची पानं उलटली. सप्टेंबर. ऑगस्ट. सगळीकडे तेच, कुठे खाडाखोड नाही.

"काकू, हे काय लिहिलंय? मुरुडकर ना ती!"

"अरे, तिनेच सांगितलं पहिल्या दिवशी," काकू चष्मा वर सरकवत म्हणाल्या. "मीही विचारलं, हे कसलं गं आडनाव? तर म्हणाली, माझंच आहे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही दोघं तिला इतक्या प्रेमाने घेऊन येता, फार कौतुक वाटतं हो मला. हल्ली कोण करतं दुसऱ्याच्या मुलासाठी एवढं?"

घरी आल्यावर त्याने नेत्राला सगळं सांगितलं. नेत्रा, त्याची बायको, चिपच्या कारखान्यात टेस्ट इंजिनिअर. पुराव्याशिवाय आजचा वारसुद्धा मान्य न करणारी बाई. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग प्रॉब्लेम काय आहे? नाव बरोबरच आहे ना तिचं?"

त्याला वाटलं चेष्टा करतेय. त्याने कपाटातून आन्याचा पासपोर्ट काढला. ड्रमेरी. जन्माचा दाखला काढला. ड्रमेरी, आणि आईबापांच्या नावांची जागा कोरी. भिंतीवर तिघांचा फोटो होता, ग्रँड कॅन्यनचा. त्यात प्रल्हाद आणि नेत्रा एकमेकांना खेटून उभे होते आणि आन्या हातभर बाजूला, दुसऱ्या कुणाचं तरी मूल चुकून फोटोत यावं तशी.

सोमवारी त्याने ऑफिसात बाकी कामं बाजूला सारली आणि जुन्या कागदांचे स्कॅन उघडले. प्रत्येक ड्रमेरी त्याने मुळापासून शोधला. आयोवातली ड्रमेरी दहा वर्षांची होती, एका सुताराच्या घरी, नात्याच्या रकान्यात 'भाडेकरू'. दहा वर्षं आधीची जनगणना काढली. तेच घर, तोच सुतार, त्याच पहिल्या नावाचं तान्हं बाळ. तेव्हा नात्याच्या रकान्यात 'मुलगी'. कॅन्ससलाही तसंच. न्यू मेक्सिकोलाही तसंच.

ओहायोच्या फाइलमध्ये दोन पत्रं होती. गावच्या दुकानदाराने कचेरीला लिहिलेली, महिन्याभराच्या अंतराने, एकाच हातची. पहिल्यात त्याने लिहिलं होतं की ही माझी मुलगी आहे, मला अजून आठवतंय तोवर हे लिहून ठेवतो, कृपा करून नोंद दुरुस्त करा. दुसरं पत्र अगदी सभ्य होतं. आमच्या घरी एक लहान मुलगी राहते. स्वभावाने गुणी आहे. ती कोणाची आहे ते तपास करून कळवावं.

प्रल्हाद उठला, बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून ढसाढसा रडला. बाहेर आल्यावर त्याने राधिकाला सांगितलं की ती खोटी नोंद कुठे उरली असेल तर खणून काढ, पाया पडतो तुझ्या. राधिकाने मंगळवारी दिवसभर शोधलं. "नोंद नाहीये रे कुठेच," ती म्हणाली. "आकडा मात्र एक येतोय. आणि प्रल्हाद, कोणाची मुलगी आहे ही? तू का एवढा त्रास करून घेतोयस?"

त्या संध्याकाळी नेत्राने पुऱ्या केल्या. आमटी-भातावर भागवणारी बाई आठवड्याच्या मधल्या वारी पुऱ्या तळत होती. पाहुण्यांसाठी राखलेल्या काचेच्या वाटीत तिने आन्याला श्रीखंड वाढलं.

"घे गं अजून. लाजू नकोस हं. आपलंच घर समज."

मेली असती तर निदान दोघं मिळून रडलो असतो, असं प्रल्हादच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याची त्याला भयंकर शरम वाटली. समोर त्याची पोर पुरीचा लहानसा तुकडा मोडून खात होती. आई उठ म्हणाली तरी टीव्हीसमोरून न हलणारी ती, जेवण होताच आपलं ताट उचलून सिंकशी गेली, ते विसळलं आणि परत येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"थँक्यू, काका," ती म्हणाली.

काका. मंडळात भेटणारा, रस्त्यात दिसणारा कुठलाही मराठी बाप्या असतो तो काका.

"बाबा म्हण," तो म्हणाला. "आन्या, बाबा म्हण मला. बाबा!"

ती दोन पावलं मागे सरकली आणि नेत्राच्या आड गेली. "मावशी, इज ही ओके?"

"अरे, घाबरवतोयस काय तिला?" नेत्रा ओरडली. "वेड लागलंय का तुला?"

त्याने वहीचं पान फाडलं, 'आन्या माझी मुलगी आहे' असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि फ्रिजवर चिकटवलं. रोज सकाळी चहाआधी तो ते मोठ्याने वाचायचा. नेत्रा नुसती बघायची. तो आन्याच्या सगळ्या गोष्टी आठवून लिहू लागला: दवाखान्यात पहिल्यांदा हातात घेतली तो दिवस, तिला आलेले कांजण्यांचे फोड, तिने गाडीच्या सीटवर सांडलेली मँगो लस्सी. दुसऱ्या दिवशी लस्सी आठवली, दवाखाना आठवेना. तिसऱ्या दिवशी लस्सीही कोणीतरी सांडली होती, इतकंच.

आठवडाभराने नेत्रा म्हणाली, "मी बालकल्याण खात्याला कळवलंय. परक्याचं मूल असं ठेवून घेता येत नाही, प्रल्हाद. आपलं ग्रीन कार्ड आधीच अडकलंय."

तो भांडला. जिवाच्या आकांताने भांडला. पण मधेच त्याच्या लक्षात आलं की आपण नेमकं कशासाठी भांडतोय तो शब्द सापडत नाहीये.

गुरुवारी सकाळी तो फ्रिजपाशी आला. कागद वाचला. अक्षर आपलंच होतं.

पेन तपासायला लिहिलं असेल काहीतरी, असं त्याला वाटलं. त्याने कागद काढून घडी केली आणि कचऱ्यात टाकला.

दहा वाजता खात्याची बाई आली. नेत्राने मुलीची बॅग भरून ठेवली होती, वर डब्यात बेसनाचे लाडू. मुलगी दारात थांबली. तिने प्रल्हादकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. 'ब' म्हणताना मिटतात तसे.

"बाय, काका," ती म्हणाली.

"बाय, बेटा," प्रल्हाद म्हणाला. "नीट राहा."

गाडी कोपऱ्यावर वळली. नेत्रा आत जाऊन चादरी धुवायला टाकू लागली. प्रल्हादच्या छातीत सकाळपासून काहीतरी जड बसलं होतं, त्याने त्यावर ॲसिडिटीची गोळी घेतली आणि ऑफिसला गेला.

दुपारी त्याने ड्रमेरीचं पान पूर्ण केलं. उगम अज्ञात. अमेरिकेतली सध्याची संख्या एक. एवढ्या दिवसांचं रखडलेलं काम उरकलं म्हणून मॅनेजरने त्याचं कौतुक केलं.

शनिवारी दोघं इंडियन ग्रोसरीत गेले. घरात लाडूंचं बेसन संपलं होतं. पार्किंगमध्ये गाड्यांची ही रांग. ऊन लख्ख पडलं होतं. प्रल्हाद गाडीतून उतरला, रस्त्याच्या कडेला आला आणि थांबला.

एका गाडीवाल्याने थांबून त्यांना जायची खूण केली. नेत्रा निम्मा रस्ता ओलांडून गेली. मागे वळून पाहते तर प्रल्हाद अजून कडेलाच उभा. जरासा डावीकडे झुकलेला. डावा हात खाली, गुडघ्याच्या थोडा वर, बोटं पसरून धरलेला.

"अरे, चल ना!" ती ओरडली. "कोणासाठी थांबलायस?"

प्रल्हादने खाली हाताकडे पाहिलं. मागच्या गाड्या हॉर्न देऊ लागल्या, तरी त्याला तो हात मिटता येईना.